अल्पशा आजाराने

माझ्या वडिलांच्या मरणाची बातमी मी त्यांच्यासमोर बसून लिहिली. ते बशीतून चहा पीत होते आणि मध्येमध्ये चुका काढत होते. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जसं काही मीच त्यांना मारलं. मी नाही मारलं. मला फक्त अभ्यासक्रमाने लिहायला सांगितलं होतं.

अभ्यासक्रमाचं नाव मुक्त पत्रकारिता. मोबाईलवर जाहिरात आली होती, घरबसल्या पत्रकार व्हा, आणि मी हसले होते. घरात बसायचं म्हणजे आधी बसायला जागा पाहिजे. उल्हासनगर कॅम्प चारला आमची दीड खोली, त्यातली अर्धी जीन्सच्या ढिगांनी भरलेली. कारखान्यात शिवून झालेल्या पँटींचे सुटे धागे कापायचं काम बायका घरी आणतात, त्याला धागाकटिंग म्हणतात. आई आणि मी तेच करायचो. बारावीनंतर माझं कॉलेज सुटलं होतं, लग्न ठरता ठरता मोडलं होतं, आणि बोटांना जीन्सचा निळा रंग कायमचा बसला होता. पप्पा म्हणाले, “घेऊन टाक ॲडमिशन. निळ्या बोटांनी पेन धरलं तर कोण पकडून नेणारे तुला?” मग दर महिन्याला कुरियरने धडे यायला लागले. मी ते पँटींच्या ढिगाला टेकून वाचायचे. बाजूची सिंधी आंटी दारातून डोकावून विचारायची, “बन गयी क्या पत्रकार?” मी म्हणायचे, “आधी बनी है आंटी, आधी बाकी है.”

पप्पा तेव्हा कामावर जात नव्हते. जाऊच शकत नव्हते. अंबरनाथची त्यांची जुनी कंपनी बंद पडली, तेव्हा आईच्या मावसभावाने, म्हणजे माझ्या मामांनी, त्यांना जीन्सच्या कारखान्यात चिकटवलं होतं. मामा तिथे ठेकेदार होते. काम रेती मारायचं. कोऱ्या पँटीच्या मांडीवर, गुडघ्यावर गनने जोरात रेती मारायची. तिथला रंग उडतो, पँट वापरलेली दिसते आणि दुकानात जास्त भावाने जाते. मागची कोंदट खोली, एक पंखा, तोंडाला रुमाल. बस. पप्पा घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या सगळं पांढरं असायचं. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. पप्पा म्हणायचे, “लोकांना नवीन पाहिजे, पण जुनं दिसणारं. आणि मी बघ, फुकटात जुना झालो.”

मग खोकला लागला. दवाखान्याने टीबी सांगितला. थुंकी तपासली की त्यात काही निघायचं नाही, तरी गोळ्या चालूच. गल्लीत त्यांचा कप वेगळा झाला. ज्यांच्या घरी आम्ही वर्षानुवर्षं सणाला जेवलो, त्यांनी पोरांना आमच्या दारात खेळायला पाठवणं बंद केलं. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, “काका, तुम्ही काम काय करत होता?” इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पप्पांनी सांगितलं. तिने एक्सरे परत उजेडाला धरला आणि म्हणाली, हा टीबी नाही, ही रेतीची धूळ आहे, फुप्फुसात जाऊन बसलीय, आता निघायची नाही. कागदावर मात्र तिच्या साहेबांनी लिहिलं, कामामुळे असावे. आणि पुढे प्रश्नचिन्ह ठोकून दिलं.

निधनवार्तेचा धडा त्यानंतरच्या पावसाळ्यात आला. मोठ्या माणसांच्या अशा बातम्या पेपरवाले आधीच लिहून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही, असं त्यात होतं. खाली स्वाध्याय. आपल्या परिचयातील एका व्यक्तीची निधनवार्ता आगाऊ तयार करा. कुणाची करू म्हणून मी पेन चावत बसले होते. पप्पा दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हणाले, “माझी लिही की. तयार माणूस समोर बसलाय.”

आईची कात्री थांबली. “अगं बये! जित्या माणसाची लिहितेस? काही हाड आहे का दोघांच्या जिभेला?”

“बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना तू?” पप्पा म्हणाले. “मग अपशकुन कुठनं आला घरात? मागच्या दारानं?”

“आपल्याला मागचं दार नाही,” आई म्हणाली आणि एवढ्या रागाने धागे कापायला लागली की एका पँटीची शिवणच उसवली.

मी लिहायला घेतलं. कॅम्प चार येथील रहिवासी, मग नाव, मग वय. वयाची जागा रिकामी ठेवली. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते.

“हे कुणी सांगितलं तुला?” पप्पांनी विचारलं.

“धड्यात आहे. सगळे मनमिळाऊच असतात.”

“मेल्यावर?”

“हो.”

“असू दे मग. तुझ्या आईला तेवढंच नवीन काहीतरी कळेल.”

आई हसली नाही. मी पुढचं वाचून दाखवलं, त्यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. पप्पांनी बशी खाली ठेवली. बोलायला त्यांना दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागायचा, त्यामुळे त्यांचं रागावणंही हळूच असायचं.

“अल्पशा? अल्पशा कुठला गं? दिसत नाही का तुला?”

“मग काय लिहू?”

“रेतीने लिही. जीन्सवर रेती मारायचं काम केलं, ती छातीत गेली, तिच्याने मेला. झालं.”

“म्हणजे माझ्या भावाला गोवा त्यात,” आई म्हणाली.

“कुणाचं नाव नको. मालकाचं नको, तुझ्या भावाचं नको. त्याने अडल्या वेळी पोटाला लावलं, ते मी विसरलो नाही. पण मी कशाने गेलो ते छापून आलं पाहिजे. टीबीने गेला, दारूने गेला, असं कुणी म्हणायला नको. बाकी मला काही नको.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “छापून आणशील ना?”

“आणीन,” मी म्हणाले. मला तेव्हा ते सोपं वाटलं.

स्वाध्याय तपासून परत आला. मार्क कमी. रेतीच्या ओळीवर लाल रेघ आणि बाजूला शेरा. मृत्यूचे कारण देऊ नये, अधिकृत दुजोरा नसल्यास ‘अल्पशा आजाराने’ असे लिहिण्याची पद्धत आहे. पप्पांनी तो दोनदा वाचला. “मास्तरांना विचार,” ते म्हणाले, “दुजोरा द्यायला मी स्वतः आलो तर चालेल का?”

तोवर मी एका साप्ताहिकात बारीकसारीक बातम्या द्यायला लागले होते. अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर, हार-नारळाच्या दुकानामागे त्याचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक संपादक. तुंबलेलं गटार, न आलेलं पाणी, बंद पडलेले दिवे, असलं मी लिहायचे आणि ते ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून छापायचे. मानधन विचारलं की म्हणायचे, अनुभव मिळतोय ना! पप्पा तेवढा मजकूर मोठ्याने वाचायचे. मध्ये खोकला आला की बोट त्या ओळीवर दाबून ठेवायचे, आणि खोकला थांबला की तिथूनच पुढे. एका गटाराच्या बातमीला आमच्या घरी चहा थंड व्हायचा.

पप्पा गेले ते भर दुपारी. आई बाहेर टेम्पोवाल्याशी भांडत होती, त्याने धागाकटिंगचा माल ओला आणला होता. पप्पांनी खुर्चीतून हात वर केला. मला वाटलं पाणी मागतायत. मी तांब्या घेऊन आले तर हात खाली आला होता. मी हाक मारली. परत मारली. बाहेर आई अजून भांडतच होती आणि तिला कसं बोलवायचं ते मला सुचेना. एवढे शब्द शिकले होते, तेव्हा एक आला नाही तोंडात.

दुसऱ्या दिवशी मी तो जुना कागद काढला आणि वयाची रिकामी जागा भरली. बाकी सगळं तयार होतं. धड्यात म्हटलं होतं तसंच झालं, ऐन वेळी धावपळ झाली नाही. इतकं वाईट मला मसणवट्यातही वाटलं नव्हतं. त्याचा आणि हॉस्पिटलच्या कागदाचा फोटो काढून संपादकांना पाठवला. त्यांनी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

अंक आला. पान तीन, खालचा कोपरा. नाव बरोबर, वय बरोबर, मनमिळाऊ होतंच. आणि पुढे अल्पशा आजाराने निधन झाले.

मी तशीच रिक्षात बसून अंबरनाथला गेले. संपादक पुढच्या अंकाचं पान लावत होते. पानभर कुठल्यातरी भाऊंचा हसरा फोटो आणि वाढदिवसाच्या लक्ष लक्ष शुभेच्छा.

“माझी ओळ कुठेय?” मी विचारलं.

“बस आधी.”

“बसायला नाही आले. माझा बाप कशाने मेला ते तुम्ही बदललंत.”

त्यांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हते ते, हेच तर दुखणं. म्हणाले, “पोरी, तुझ्याकडे कागद काय आहे? असावे आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर मी कारखानेवाल्यांना अंगावर घेऊ? माझा पेपर वाढदिवसांवर चालतो, मयतीवर नाही. दुजोरा आण. तिथल्या मालकाने, नाहीतर ठेकेदाराने लिहून दिलं की हो, हा माणूस रेतीवर होता आणि त्यानेच गेला, तर छापतो. पहिल्या पानावर छापतो, जा.”

ठेकेदार म्हणजे मामा. मी पाठ फिरवली. बाहेर श्रावणातल्या सोमवारची गर्दी होती, लोक बेलाची पानं घेऊन देवळाकडे चालले होते. मी दुकानाच्या आडोशाला उभी राहून हमसून हमसून रडले.

आमच्यात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन झाल्यावर आदरांजलीची भाषणं होतात. ज्याला वाटेल तो उठतो आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. विहाराच्या हॉलचा, मंडपाचा, माईकचा सगळा बंदोबस्त मामांनीच केला होता. पप्पांच्या फोटोशेजारी त्यांनी साप्ताहिकातली ती बातमी लॅमिनेशन करून उभी केली होती. मामा पांढऱ्या कपड्यात माईकसमोर आले. दाजी देवमाणूस होते म्हणाले, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत म्हणाले, आणि मग म्हणाले, “अल्पशा आजाराने दाजी आपल्याला सोडून गेले.” ते खरोखर रडत होते. त्याचीच मला चीड आली.

मी उठले. आईने माझी ओढणी धरली. “बस खाली,” ती पुटपुटली, “तुला माझी आण.” मी ओढणी तिच्या हातात सोडली आणि पुढे गेले.

मी भाषण केलं नाही. पप्पांनी सांगितलेली बातमीच वाचली, पहिल्यापासून, मनमिळाऊसकट. जीन्सवर रेती मारण्याचे काम केल्याने ती फुप्फुसात जाऊन त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी व मुलगी असा परिवार आहे. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण हॉलमधल्या माना एकेक करून मामांकडे वळल्या. मामा फोटोकडे बघत बसले होते. मागच्या रांगेत रेतीच्या खोलीतली माणसं होती. त्यांतल्या एकाला खोकला आला, त्याने तोंडाला रुमाल लावला, मग दुसऱ्याला आला. त्यांना थांबवता येईना.

आई घरी आल्यावर म्हणाली, “भावाला भर सभेत उघडं पाडलंस.”

“नाव घेतलं का मी?”

“नाव कशाला घ्यायला लागतं गं? डोळे आहेत मला.” नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आम्ही समोरासमोर बसून धागे कापायचो आणि दारातली खुर्ची तशीच रिकामी असायची. त्याच दिवसांत माझं सर्टिफिकेट आलं. मी मुक्त पत्रकार झाले होते. पाकीट फोडलं आणि परत बंद केलं. आंटीलाही सांगितलं नाही.

मग एका रविवारी मागच्या रांगेतला तो खोकणारा माणूस दारात आला. पप्पांच्या जोडीला गन धरायचा. उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाला, “ताई, माझी पण लिहून ठेवशील का? दादांची वाचलीस तशी.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली.

“असं काय बोलता काका?”

“खरं तेच बोलतो. दम पुरत नाही आता. माझ्या घरच्यांना वाटतं मी गांजा ओढतो.”

मी त्याची लिहिली. मग दुसरा आला. तिसरा भैया होता, म्हणाला, “दीदी, मेरावाला हिंदी में लिखना. गाँव में कोई पढ़ के सुना देगा, नहीं तो बोलेंगे बंबई में बीमारी लगा के आया.” ते खुर्चीत बसायचे, सांगायचे, मी लिहायचे. वय रिकामं. कारण आधी. मी इतकं शिकले, घरबसल्या शिकले, आणि माझ्याकडे काम आलं ते हे. कुणाला मनमिळाऊ पाहिजे का विचारलं की ते हसायचे, आणि हसल्याने परत खोकला यायचा. आई पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. वेगळा कप मात्र तिने कुणालाच दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामांचा फोन आला. मला नाही, आईला. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, “येते.” फोन ठेवून मला म्हणाली, “चल. तुझे कागद घे.”

मामा आता बदलापूरला शिरगावात नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले होते. लिफ्ट, बाल्कनी, सगळं. पण हॉलमध्ये पलंग टाकला होता आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. कारखान्यात रेतीच्या खोलीच्या दारात उभं राहून मामा दिवसभर पँटी मोजायचे. त्यांनी तर रुमालही बांधला नाही कधी. ठेकेदार होते ना. ते इतके वाळले होते की माझ्या मनातला राग जागच्या जागी बसला. गेला नाही, बसला.

“तू सगळ्यांची लिहितेस म्हणे,” मामा म्हणाले. नाकातली नळी सरळ केली. “माझी पण लिहून ठेव. चांगली लिही. पेपरात येईल अशी.”

मी कागद मांडीवर घेतला. गाव, नाव लिहिलं. वयाची जागा सोडली. मग विचारावंच लागलं.

“कारण काय लिहू, मामा?”

त्यांनी आईकडे बघितलं, मग छताकडे. “लिही ना तेच नेहमीचं. अल्पशा...” आणि त्यांना खोकला आला. पप्पांचाच खोकला. डोळे मिटून ऐकला असता तर मी पप्पा म्हणून हाक मारली असती. तो संपेचना. मामीने पाठ चोळली, मशीनचा जोर वाढवला. मामांनी परत तोंड उघडलं, “अल्प...” आणि परत तेच.

आई उठली. मला वाटलं भावाला पाणी द्यायला उठली. तिने पर्स उघडली आणि त्यातून पप्पांचा कागद काढला, हॉलमध्ये मी वाचला होता तो. घड्या पडून मऊ झाला होता. ती तो केव्हापासून घेऊन हिंडत होती, मला माहीत नव्हतं. तिने तो मामांच्या पोटावर ठेवला.

“आधी ह्याच्यावर लिहून दे,” आई म्हणाली. “ते रेतीवर होते आणि त्यानेच गेले, असं. सही कर. मग तुझी लिहील ती.”

“ताई...”

“ताई म्हणतोस ना? मी तुझ्यासाठी सख्ख्या पोरीशी अबोला धरला. ते म्हणाले होते, नाव नको कुणाचं. तुझं नाव ते शेवटपर्यंत झाकत होते रे. तू एक ओळ देऊ शकत नाहीस त्यांना?”

मामांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. लिहायला त्यांना बराच वेळ लागला, मध्ये दोनदा थांबले. सही खाली घसरत गेली, पण झाली. आईने कागदावर फुंकर मारून त्याची घडी केली आणि मला म्हणाली, “आता त्याची लिही. कारण तेच.” मी लिहिली. ती छापायची वेळ अजून आलेली नाही.

संपादकांनी शब्द पाळला, पण अर्धाच. पहिलं पान नाही मिळालं. चौथ्या पानावर, एका साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीखाली, चौकटीत आली. पण ओळ होती. माझ्या बापाची ओळ, त्याने सांगितली तशी, काळ्या शाईत. मी दारातच उभं राहून ती मोठ्याने वाचली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आंटी बाहेर आली. समोरच्या घरातले, वेगळा कप ठेवणारे, तेही आले.

आई पँटींच्या ढिगात बसली होती. मान वर केली नाही. कात्री मात्र थांबली होती.

“परत वाच,” ती म्हणाली. “कारणापासून.”